शेफिल्डच्या जुन्या वस्तऱ्याची प्रत घडवताना

जुना वस्तरा हातात आला की पहिला मोह होतो तो त्याचा आकार कागदावर उतरवून जसाच्या तसा पोलादात कापायचा. तसं केलं तर दिसायला वस्तरा होतो, दाढीच्या कामाला येत नाही. धार लावताना पातं दगडावर आडवं टेकवतात. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला लागतात आणि दोन्ही झिजतात. त्यामुळे शंभर-दीडशे वर्षं दगडावर फिरलेल्या पात्याची मापं घेतली, तर आपण वस्तऱ्याची नव्हे, त्याच्या झिजेची नक्कल करतो.

आमच्यापुढचा नमुना इंग्लंडमधल्या शेफिल्डचा, १९व्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतल्या घडणीचा. शेपूट (मानेमागचं करंगळी टेकायचं टोक) आखूड, खांद्याला उठाव नाही, धारेला अगदी हलका फुगवटा, मूठ शिंगाची आणि मुठीच्या टोकाला शिशाची पाचर. पात्यामागच्या मानेवर ‘कास्ट स्टील’ असा ठसा. बेंजामिन हंट्समनने शेफिल्डमध्ये १७४०च्या दशकात मुशीत पोलाद वितळवून ओतायची पद्धत बसवली. ते पोलाद वापरल्याचं पुढे वस्तरेवाले पात्यावर अभिमानाने ठोकू लागले. देशाचं नाव मात्र त्यावर नाही. अमेरिकेच्या १८९०च्या जकात कायद्यानंतर तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं, म्हणून ‘इंग्लंड’ किंवा ‘जर्मनी’ लिहिलेले वस्तरे बहुधा त्यानंतरचे असतात. एवढ्यावरून काळ पक्का ठरत नाही, पण आकाराशी जोडून पाहिलं की अंदाज बसतो.

मापं अशी मिळाली: पाठ दगडाला टेकते त्या रेषेपासून धारेपर्यंत १८.६ मिमी, त्या रेषेवर जाडी ५.१ मिमी. पण पाठीच्या दोन्ही अंगांना झिजेचे चकचकीत सपाट पट्टे होते आणि पात्याच्या लगेच मागे, जिथे दगड कधी पोहोचत नाही तिथे, जाडी ५.९ मिमी भरली. खरी जाडी सांगणारी जागा तीच. तिथून मागे मोजत आम्ही मूळ पातं २०.३ मिमी रुंद आणि ५.८ मिमी जाड धरलं.

या दोन आकड्यांचं नातं सांभाळण्यासाठीच पुढचं सगळं काम आहे. रुंदीला साडेतीनने भागलं की पाठीची जाडी मिळते आणि धारेचा कोन सव्वासोळा अंशांच्या आसपास येतो. चाराने भागलं तर कोन सव्वाचौदावर उतरतो, धार सुरेख लागते आणि राठ दाढीत दोन दिवसांत तुटते. तिनाने भागलं तर कोन एकोणिसाच्या जवळ जातो आणि वस्तरा केस कापण्याऐवजी ओढतो. सुरीला वेगळा कोन देऊन चूक झाकता येते. वस्तऱ्याला ती सोय नाही, पाठ हाच त्याचा कोन.

पोलादाबद्दल. गाडीच्या कमानपाट्याचा तुकडा कुणीही आणून देतो, पण त्यात कार्बन जेमतेम अर्धा-पाऊण टक्का असतो. कोयत्याला, विळ्याला ते उत्तम. वस्तऱ्याच्या बारीक धारेला हवा तो कडकपणा त्यात टिकत नाही. जुनी कानस चालते, पण तिचं पोलाद नेमकं कोणतं हे माहीत नसल्याने तापमान अंदाजाने ठरवावं लागतं. बेअरिंगचं ईएन ३१ फार चांगलं, फक्त त्याला जास्त आणि काटेकोर तापमान लागतं. आम्ही ओएचएनएस (ऑइल हार्डनिंग नॉन-श्रिंकिंग) हे पोलाद घेतलं. साचे बनवणारे डायवाले हेच वापरतात, त्यामुळे सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत काम करणाऱ्या कुणालाही नाव सांगितलं की पुरे. कार्बन साधारण ०.९ टक्के, जोडीला मँगनीज, थोडं क्रोमियम आणि टंगस्टन. तेलात थंड केलं तरी पूर्ण कडक होतं, म्हणून पातळ पातं तडकण्याची भीती कमी. २० बाय ८ मिमीची पट्टी लागते.

जाता जाता एक सांगायला हवं. शेफिल्डच्या मुशीतल्या पोलादाची कीर्ती झाली त्याच काळात मायकेल फॅरडे आणि जेम्स स्टोडार्ट लंडनमध्ये आपल्या दख्खनी ‘वूट्झ’ पोलादाचा अभ्यास करत होते. १८२० आणि १८२२मध्ये त्यांचे निबंध आले. स्टोडार्ट स्वतः धारदार हत्यारं बनवणारा कारागीर होता. हे पोलाद गाळणाऱ्या भट्ट्या तेलंगणात होत्या, सोलापूरहून काही फार लांब नाहीत.

घडाईला सोलापुरात पहाटेची वेळ धरावी. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली दुपारी उभं राहवत नाहीच, पण खरं कारण रंगाचं. भर उजेडात तापलेल्या पोलादाचा रंग फसवतो आणि आपण गरजेपेक्षा जास्त तापवत जातो. साधारण १००० अंशांवर, म्हणजे नारिंगी-पिवळ्या रंगावर ठोकायला घ्यायचं आणि ८५०च्या खाली रंग उतरला की थांबायचं. ओएचएनएस रंग उतरल्यावर ठोकलं तर पडलेला तडा लगेच दिसत नाही. तो पाणी देताना, म्हणजे कडक करायला तापवून तेलात बुडवताना, उघडा पडतो, तोवर सगळी मेहनत झालेली असते.

पातं घडताना नवख्याला चकवणारी गोष्ट म्हणजे त्याचं वाकणं. धारेकडची बाजू ठोकून पातळ केली की ती लांबते, पाठ मात्र तेवढीच राहते आणि पातं पाठीकडे वाकतं. ते सरळ करायला कडेवर ठोकलं तर पातळ धार मुडपते. म्हणून आधीच पट्टी उलटी, धारेच्या बाजूला वाकवून घ्यायची. मग धार पातळ होत जाईल तसं पातं आपोआप सरळ होत येतं. पाठ ७ मिमी आणि धार २ मिमीवर आम्ही थांबलो. भट्टीत वरच्या थरातला कार्बन जळतो, तो थर नंतर घासून काढावाच लागतो, म्हणून हे जास्तीचं माप. पातं झाल्यावर पट्टी तोडून शेपूट ओढायचं. मानेपासून टोकाकडे ते निमुळतं होत जातं आणि जुन्या वस्तऱ्यात ते करंगळी टेकण्याइतकंच असतं. नंतरच्या काळातली लांब वळणदार शेपूट इथे लावली तर प्रत चुकली.

ओएचएनएस हवेत थंड झालं तरी कानस बोथट करण्याइतकं कडक होतं. घडाईनंतर पातं पुन्हा ७८० अंशांच्या सुमाराला तापवून कोरड्या राखेत किंवा चुन्याच्या भुकटीत पुरायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. राख ओलसर असेल तर हेतूच बुडतो.

मऊ झालेल्या पात्यावर आता कानसकाम, भोक आणि ठसा. खिळ्याच्या भोकाची जागा डोळ्याने ठरवू नये. पुठ्ठ्याची मूठ कापावी, पुठ्ठ्याचंच पातं टाचणीवर फिरवून पाहावं. मिटल्यावर पात्याचं नाक, म्हणजे पुढचं टोक, मुठीच्या आत राहिलं पाहिजे आणि धार पाचरीला शिवता कामा नये. खिळा १.६ मिमी पितळेचा, मानेतलं भोक १.८ मिमी. भोक पात्याच्या मध्यपातळीशी काटकोनात हवं, नाहीतर मिटताना पातं एका अंगाला झुकून मुठीला घासतं. ड्रिलखाली निमुळती मान तशीच ठेवली तर भोक तिरकं जाणारच. तिच्याखाली तेवढ्याच उताराचं लाकूड द्यायचं. ठशाच्या बाबतीत आमचं मत पक्कं आहे: जुन्या कारखान्याचं नाव किंवा मुकुटाचं चिन्ह प्रतीवर घालू नये. शंभर वर्षांनी तो वस्तरा कुणाच्या हाती जाईल सांगता येत नाही. मानेवर घडवणाऱ्याची स्वतःची खूण आणि वर्ष ठोकावं.

आता पात्याच्या आडव्या छेदाचा प्रश्न, आणि इथे बारकाईने पाहणं वसूल होतं. या वस्तऱ्यांना पाचरीच्या छेदाचे, म्हणजे सपाट बाजूंचे, म्हणतात, पण पात्यावर पोलादी पट्टी उभी धरून उजेडाकडे पाहिलं तर मधे केसाएवढी फट दिसते. शेफिल्डचे कारागीर मोठ्या वालुकाश्माच्या चाकावर पाती घासत. चाकाचा व्यास चार फूट धरला आणि घासलेली रुंदी १८ मिमी, तर प्रत्येक बाजूला खोली येते ०.०७ मिमीच्या आत. २०० मिमीच्या चाकावर तीच खोली ०.४ मिमी होते आणि १०० मिमीच्या चाकावर ०.८. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतल्या झोलिंगेनकडचे खोल पोकळ वस्तरे पुढे आले ते लहान चाकांवर. म्हणून आपल्या नेहमीच्या बेंच ग्राइंडरवर या नमुन्याची प्रत होऊच शकत नाही. आणि सपाट पाट्यावर अगदी सपाट घासली तर दुसरी अडचण: धार लावताना पात्याची पूर्ण बाजू दगडाला चिकटते आणि कोन बसवायला सगळं पातंच झिजवावं लागतं. त्या ०.०७ मिमीमुळे दगड फक्त पाठीला आणि धारेला लागतो.

उपाय सोपा निघाला. बेल्ट ग्राइंडरच्या सपाट पाट्याऐवजी ६१० मिमी त्रिज्येचा किंचित फुगीर पोलादी पाटा बसवायचा. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाचे सुटे भाग करणाऱ्या वर्कशॉपमध्ये रेखाटन दिलं की असं काम होतं. पातं पट्ट्याच्या दिशेला आडवं धरायचं, म्हणजे पाट्याचा फुगवटा पात्याच्या रुंदीत उतरतो.

पाणी देण्याआधी धार ०.८ मिमीवर ठेवतात. त्याहून पातळ केली तर ती तेलात लाटेसारखी मुरडते, जास्त जाड ठेवली तर नंतर कडक पोलाद घासत बसावं लागतं आणि त्यात उष्णतेने धार जाते. धारेवर निळी शाई लावून मधोमध रेघ मारून घ्यायची आणि दोन्ही बाजू तिच्यापर्यंत सारख्या आणायच्या. एका बाजूला पाव मिमी जास्त गेलं तरी तेलात पातं त्या अंगाला वाकतं.

तापवण्यासाठी गॅसच्या भट्टीत जाड लोखंडी नळी ठेवली, मागून बंद. आत कोळशाचा तुकडा टाकला की तो नळीतला ऑक्सिजन खातो आणि पात्यावर पोपडे कमी धरतात. नळीत तापमान मोजायला थर्मोकपल. लोहचुंबक चिकटेनासं झालं म्हणजे साधारण ७७० अंश झाले, ते पुरेसं नाही. ओएचएनएसला ८०० ते ८१० लागतात आणि तिथे दहा मिनिटं धरून ठेवावं लागतं, म्हणजे कार्बन नीट विरघळतो. साध्या कार्बन पोलादाच्या सवयीने चुंबक सुटताच बुडवलं तर कडकपणा अर्धवट येतो आणि धार लावेपर्यंत ते कळत नाही.

पातं बुडवायचं क्वेंचिंग ऑइल पाच-सहा लिटर, उभ्या डब्यात, झाकण हाताशी. तेल ५० ते ५५ अंश हवं, गरम तेल पातळ असल्याने पात्याला नीट भिजवतं. मे महिन्यात डबा उन्हात ठेवला की अर्धं काम सोलापूरचं ऊनच करतं. गाडीचं जळकं इंजिन ऑइल वापरू नये, त्याचा धूर विषारी असतो आणि थंड करण्याचा वेग भरवशाचा नसतो. पातं नाकाकडून सरळ खाली बुडवायचं आणि फक्त वर-खाली हलवायचं. आडवं हलवलं तर एक बाजू आधी थंड होते आणि पातं वाकतं. दहा-बारा सेकंदांनी काढलं की अजून काही क्षण ते वळतं असतं, तेवढ्यात दोन सपाट अ‍ॅल्युमिनियम ठोकळ्यांत दाबून धरायचं. नंतर सरळ करायला गेलात तर काचेसारखं तुटेल.

हाताला सोसेल इतकं कोमट झालं की ताबडतोब टेम्परिंग, म्हणजे ठिसूळपणा काढायला पुन्हा हलकं तापवणं, उद्यावर ठेवायचं नाही. १८० ते २०० अंशांवर दोन वेळा, प्रत्येकी दोन तास. स्वयंपाकघरातल्या ओटीजीचा काटा वीस-तीस अंश सहज फसवतो, म्हणून वाळूच्या ट्रेमध्ये पातं ठेवून वाळूत वेगळं थर्मामीटर खोचावं. घासून उजळलेल्या जागी फिकट पिवळा रंग आला म्हणजे ठीक. कडकपणा रॉकवेल मापावर ६० ते ६२ हवा. मान मात्र मऊ करून घ्यावी: पातं ओल्या फडक्यात गुंडाळून मानेला टॉर्चने निळा रंग येईपर्यंत शेकायचं. कडक मानेचा वस्तरा फरशीवर पडला तर भोकापाशी मोडतो.

यानंतरची घासाई सगळी उघड्या हाताने, नव्या पट्ट्यावर आणि बाजूला पाण्याची बादली ठेवून. बोटांना चटका लागण्याआधी पाण्यात बुडवायचं. धारेवर निळसर छटा दिसली तर तेवढी धार मेली, ती घासून काढण्यावाचून इलाज नाही. तोंडावर चांगला मास्क हवाच. शेफिल्डमध्ये कोरड्या चाकावर काम करणारे घासाईवाले फुप्फुसात धूळ साचून तरुणपणीच मरत. धार ०.१ मिमीवर आली की थांबायचं. टाच (मानेकडचं टोक), मध्य आणि नाक या तीन ठिकाणी पाठीची जाडी मोजायची, फरक ०.०५ मिमीपेक्षा जास्त नको. नाकाकडे पाठ बारीक राहिली तर तिथली धार कमी कोनाची होते आणि दाढी करताना पहिल्यांदा तिथेच तुटते. पुढे ४०० ते १५०० नंबरच्या पेपरने हातपॉलिश, पेपरखाली पोलादी पट्टी धरून. मऊ बफ लावला की मानेजवळच्या कडा गोल होतात आणि जुन्या पात्याचा करकरीतपणा निघून जातो.

मुठीच्या शिंगासाठी सोलापूरकरांनी बाहेर पाहायची गरज नाही. पंढरपुरी म्हशीची शिंगं लांब, तलवारीसारखी मागे गेलेली असतात आणि वस्तऱ्याच्या मुठीला लागणारा १५० मिमीचा सरळसा तुकडा त्यातून निघतो. मूळ वस्तऱ्यांना हस्तिदंत आणि कासवाची पाठही लावत. आज १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्या दोन्हींना हात लावता येत नाही, आणि ते योग्यच आहे. शिंगाचा पोकळ भाग उभा चिरून अर्धा-पाऊण तास उकळत्या पाण्यात ठेवायचा, मग गरम लोखंडी पट्ट्यांमध्ये आवळून पूर्ण थंड होईपर्यंत सोडायचा. घाईने काढला तर शिंग पुन्हा आपल्या मूळ वळणावर जातं. दोन-तीन दिवस सुकू देऊन मग ३ मिमी जाडीवर आणायचं. कापताना कडेला पापुद्रे सुटलेले दिसले तर तो तुकडा बाजूला ठेवावा, खिळा ठोकताना तो तिथेच फाटतो.

शिंगाच्या दोन्ही पट्ट्या पुठ्ठ्याच्या दोन बाजूंनी चिकटवून एकत्रच घासल्या आणि भोकं पाडली की जोड जुळते. मानेपाशी त्यांच्यामधलं अंतर साडेचार मिमी आणि टोकाकडे ते कमी होत जातं. म्हणून पाचर मानेकडच्या अंगाला २.५ मिमी आणि बाहेरच्या अंगाला १.५ मिमी. उलटी बसवली तर कडेला फट राहते. शिसं ओतताना हवा खेळती हवी आणि काम संपल्यावर हात धुतल्याशिवाय खाऊ नये. कथील वापरलं तरी चालतं, वजन थोडं कमी भरतं एवढंच. हे वजन शोभेसाठी नाही, उघडा वस्तरा बोटांत तोलला जावा म्हणून आहे.

खिळा वॉशरच्या वर ०.८ ते १ मिमी ठेवून लहान बॉलपेन हातोडीने हलके टोले द्यायचे, दोन इकडून, दोन तिकडून. जोराचा एक टोला खिळा मधेच फुगवतो, मग शिंग तडकतं किंवा पातं जाम होतं. पातं हलक्या अडकणीने उघडलं पाहिजे आणि मिटताना बरोबर मध्यात उतरलं पाहिजे.

धारेच्या दगडाला आधी सपाट करायचं. पेन्सिलीने जाळी काढून काचेवरच्या ओल्या पेपरवर घासायचं, जाळी पूर्ण गेली की दगड सपाट. नव्या पाठीवर ओरखडे पडू नयेत म्हणून इन्सुलेशन टेपचा एक थर दिला तर कोन सुमारे पाऊण अंशाने वाढतो. आमचं माप ते सहन करतं. दगड बदलताना टेपही बदलावी. १००० नंबरवर कोन पूर्ण बसला पाहिजे. धारेच्या दोन्ही अंगांना मार्करची शाई लावून पाहायची, कुठेही शाई उरली तर पुढे जायचं नाही. मोठ्या नंबरच्या दगडांवर कितीही वेळ घालवला तरी १०००वर राहिलेली कसर भरून निघत नाही. धारेला फुगवटा असल्याने सरळ ओढून चालत नाही. टाचेकडून नाकाकडे जाताना दाब हलवत, तिरक्या ओढीने फिरवावं लागतं. मग ५०००, ८००० आणि १२०००. दाब उतरत गेला पाहिजे, शेवटच्या दगडावर पात्याच्या वजनाएवढाच.

धार घोटायच्या पट्ट्यावर आधी कापड, मग म्हशीचं चामडं. कापड जाड, साधं, सपाट विणीचं सुती घ्यावं. घरात सोलापुरी चादर असली तरी तिच्या जकार्ड नक्षीचा उठाव धारेला खालीवर करतो, ती यासाठी नको. कापडावर पंचवीस-तीस फेऱ्या, चामड्यावर पन्नास, पाठ पुढे आणि धार मागे. परत फिरवताना पाठीवर वळवायचं, धारेवर वळवलं की चामडं कापलं आणि धार गेली.

बोअरच्या जड पाण्याचे थेंब पात्यावर वाळू देऊ नयेत, हे स्टेनलेस नाही. वापरल्यावर टिपून पातळ तेलाचा हात, पावसाळ्यात रोज. मूठ उन्हात किंवा गाडीत राहिली तर शिंग वाकतं. बंद कपाटात पडून राहिली तर कसर लागते, म्हणून महिन्यातून एकदा खोबरेल चोळून भोकं पडली आहेत का ते पाहावं. पहिल्या उन्हाळ्यात शिंग थोडं आकसतं आणि खिळा सैल वाटतो. पाऊस येऊन हवा दमट झाल्यावर पुन्हा तपासावं, तरीही सैल असेल तरच दोन्ही बाजूंनी एकेक हलका टोला द्यावा.